तोतयांचे लोकमत

‘अमुक टक्के लोकांचे मत असे आहे’ या एका वाक्याने आज जेवढे काम साधते, तेवढे दहा जाहीर सभांनी आणि शंभर निवेदनांनी साधत नाही. साबणाचा खप, मालिकेचे भवितव्य, पक्षाची उमेदवारी, रोगाच्या साथीत सरकारने काढावयाचा आदेश आणि विद्यापीठातील प्रबंध, या सर्वांना आता टक्केवारीचा टेकू लागतो. ही टक्केवारी पूर्वी घरोघर हिंडून गोळा केली जात असे. आता अनेकदा संगणकावर वा मोबाइलवर प्रश्नावली धाडली जाते, पडद्यावरच्या चौकोनांत खुणा करविल्या जातात आणि सायंकाळपर्यंत हजार-दोन हजार उत्तरे हाती येतात. ही पद्धत स्वस्त आहे व जलद आहे, आणि तेवढ्यावरून आम्ही तिला नावे ठेवीत नाही. आमचा प्रश्न एकच आहे व तो अगदी साधा आहे. उत्तर देणारा कोण? तो खरोखर अस्तित्वात आहे काय? ज्याला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, त्याला आपल्या आकड्यास ‘लोकमत’ म्हणण्याचा अधिकार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मराठी माणसाला तोतया हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पुढे ‘मीच भाऊ’ म्हणत एक इसम उभा राहिला, कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले, आणि त्याचे बंड मोडून १७७६ मध्ये त्याला देहदंड होईपर्यंत पुणे दरबाराला स्वस्थता लाभली नाही. तरीही त्या तोतयाचा निवाडा करता आला. कारण भाऊसाहेबांना जवळून पाहिलेली माणसे हयात होती. त्याला चेहरा होता, आवाज होता, त्याला विचारण्याजोगे घरचे प्रश्न होते. ऑनलाइन सर्वेक्षणातील तोतयाला यांपैकी काहीच नाही. तो पडद्याआड असतो, त्याला ओळखणारे कोणी नसते, आणि मुख्य म्हणजे तो एकटा नसतो.

हे तोतये येतात कोठून? त्यासाठी हा बाजार कसा चालतो ते पाहिले पाहिजे. संशोधक किंवा कंपनी प्रश्नावली सिद्ध करते आणि उत्तरदाते पुरविणाऱ्या संस्थेकडे मागणी नोंदविते: इतके तरुण हवेत, इतक्या स्त्रिया हव्यात, इतके मधुमेही हवेत. ती संस्था आपल्या यादीतून माणसे पुरविते. यादी अपुरी पडली की दुसऱ्या-तिसऱ्या दलालाकडून आणते. प्रत्येक पुऱ्या प्रश्नावलीमागे उत्तरदात्याला थोडे पैसे वा भेटपत्राचे गुण मिळतात. ज्या बाजारात उत्तराला किंमत आहे आणि उत्तर देणाऱ्याची ओळख कोणी पारखीत नाही, तेथे खोट्या उत्तरांचे पीक येणार नाही तर काय होईल? कोणी घाईघाईने न वाचताच खुणा करतो. कोणी मधुमेह नसता मधुमेही होतो, परदेशात बसून स्थानिक होतो, एकाच घरातून वीस नावांनी उत्तरे देतो. आणि कोणी तर माणूसच नसतो. संगणकाचा एक कार्यक्रम रात्रभर बसून प्रश्नावल्या भरीत असतो. आरोग्यविषयक संशोधन करणाऱ्या अनेकांनी हा अनुभव नोंदवून ठेवला आहे: बक्षिसाचे आमिष असलेला दुवा समाजमाध्यमावर उघडा टाकावा, आणि सकाळी उठून पाहावे तो शेकडो ‘रुग्ण’ दारात उभे!

यात बिघडले काय, असे कोणी विचारील. काय बिघडते ते अमेरिकेच्या अलीकडच्या इतिहासात पाहावे. २०२० च्या मे महिन्यात, कोरोनाची साथ ऐन भरात असता, तेथील रोगनियंत्रण केंद्राने ५०२ प्रौढांची एक ऑनलाइन पाहणी केली. जूनमध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि त्यांत सुमारे ४ टक्के लोकांनी पातळ केलेले ब्लीच प्याल्याचे वा त्याने गुळण्या केल्याचे सांगितले होते. जगभर ठळक मथळे झळकले. एक अख्खे राष्ट्र वेड्यात निघाले. पुढे दुसऱ्या संशोधकांनी हीच पाहणी पुन्हा केली. परंतु या वेळी उत्तरदाता शुद्धीवर आहे की नाही हे तपासणारे प्रश्न सोबत घातले. तेव्हा असे आढळले की, असली घातक द्रव्ये पोटात घेतल्याचे सांगणाऱ्यांपैकी ८० ते ९० टक्के उत्तरदातेच अविश्वसनीय होते. न घडलेल्या गोष्टी घडल्याचे सांगणारे, वाटेल त्या प्रश्नाला ‘होय’ म्हणणारे असे हे लोक. त्यांना वगळल्यावर ब्लीच पिणाऱ्या जनतेचा पुरावा उरला नाही. ५०२ चे ४ टक्के म्हणजे अवघी वीस माणसे! वीस तोतयांनी एका राष्ट्राची अब्रू चव्हाट्यावर आणली.

दुसरे उदाहरण याहून गंभीर आहे. २०२३ च्या डिसेंबरात एका ऑनलाइन चाचणीत असे दिसले की, तीस वर्षांखालील अमेरिकनांपैकी २० टक्के लोक ज्यूंचा नरसंहार ही दंतकथा मानतात. केवढा हलकल्लोळ झाला! एक पिढीच्या पिढी आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली. प्यू संशोधन केंद्राने तोच प्रश्न वेगळ्या रीतीने विचारला. उत्तरदाते स्वेच्छेने येऊन नाव नोंदविणारे नव्हते. टपालाच्या पत्त्यांतून यदृच्छेने निवडलेले होते. या वेळी तरुणांतले प्रमाण निघाले ३ टक्के. त्याच केंद्राने २०२२ मध्ये स्वेच्छा-नोंदणीच्या एका पाहणीत मुद्दाम एक प्रश्न पेरला होता: आपणांस अणुशक्तीवर चालणारी पाणबुडी हाकण्याचा परवाना आहे काय? तीस वर्षांखालील उत्तरदात्यांपैकी १२ टक्के ‘आहे’ म्हणाले. स्वतःस हिस्पॅनिक म्हणविणाऱ्यांत तर हे प्रमाण २४ टक्के होते. असा परवाना असलेली माणसे त्या देशाच्या कोट्यवधी लोकसंख्येत शोधूनही सापडणे कठीण!

आमच्या वाचकांनी या शेवटच्या आकड्यापाशी क्षणभर थांबावे. खोट्या उत्तरांचा उपद्रव सर्वांना सारखा होत नाही. जो समाज संख्येने लहान, त्याला तो अधिक होतो. साधा हिशेब करून पाहा. एका पाहणीत हजार उत्तरे आली, त्यांत पन्नास तोतये आहेत, आणि मातृभाषेच्या प्रश्नाखाली दहा भाषा दिल्या आहेत. तोतये डोळे मिटून खुणा करतील तर प्रत्येक भाषेच्या वाट्याला त्यांतले पाच येतील. ज्या भाषेचे खरे पाचशे लोक आहेत तिला या पाचांनी काही होत नाही. परंतु ज्या भाषेचे हजारांत दहाच लोक आहेत, तिच्या नावावर आता पंधरा उत्तरे जमा झाली, आणि त्यांतील प्रत्येक तिसरे खोटे! मग ‘या लोकांना आपल्या भाषेतून शिक्षण नको आहे’ असे त्या पंधरांच्या आधारे कोणी छापले, तर त्या दहा खऱ्या माणसांनी दाद कोठे मागावी?

मोजणीवर हक्क कसे अवलंबून असतात, हे परप्रांतात पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या मराठी माणसाला सांगावयास नको. शाळेत ४० किंवा वर्गात १० मुले असतील तर मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण, लोकसंख्येत १५ टक्के असतील तर त्यांच्या भाषेतून सरकारी सूचना, असे भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचे निकषच मुळी आकड्यांत बांधलेले आहेत. उत्तरे नासली म्हणजे काय होते तेही या देशाने पाहिले आहे. १९५१ च्या जनगणनेत पंजाबात भाषेच्या वादापायी मातृभाषेची उत्तरे इतकी अविश्वसनीय ठरली की, हिंदी, उर्दू, पंजाबी व पहाडी यांचे आकडे एकत्रच द्यावे लागले. वाद घालणाऱ्यांचे काही गेले नाही. प्रामाणिकपणे आपली भाषा सांगणाऱ्याचे उत्तर मात्र त्या ढिगाऱ्यात गडप झाले.

आता या धंद्याच्या कैवाऱ्यांची उत्तरे ऐकू. त्यांचे पहिले म्हणणे असे की, संख्या मोठी असली म्हणजे लहानसहान खोटेपणा आपोआप बुडून जातो. हा भ्रम १९३६ सालीच फुटला आहे. अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने त्या वर्षी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने धाडल्या. वीस लाखांहून अधिक परत आल्या, आणि त्यांवरून लँडन हे अध्यक्ष होणार असे भाकीत केले. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्ये जिंकून निवडून आले! तेथे तोतये नव्हते, हे आम्हांस ठाऊक आहे. दोष निवडीचा होता. पण धडा तोच आहे. चूक एकाच बाजूला झुकणारी असली म्हणजे संख्या वाढवून ती धुतली जात नाही. उलट खोट्याला भारदस्तपणा येतो. आणि तोतयांची चूक एकाच बाजूला झुकते. प्यू केंद्राने २०२० मध्ये साठ हजारांहून अधिक मुलाखतींची छाननी केली, तेव्हा स्वेच्छा-नोंदणीच्या निरनिराळ्या यादींत ४ ते ७ टक्के उत्तरदाते बनावट आढळले, तर पत्त्यांवरून निवडलेल्यांत सुमारे १ टक्का. हे बनावट लोक मान हलविणारे निघाले. जे विचाराल ते त्यांना पसंत! ज्याला आपल्या धोरणाला होकार हवा आहे, त्याला असला उत्तरदाता गोडच वाटणार.

आमच्याच मातीतील एका मोठ्या संख्याशास्त्रज्ञाचे येथे स्मरण होते. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी पिकांच्या कापणी-प्रयोगांत दाखवून दिले होते की, मोजणीचा तुकडा फार लहान घेतला की उत्पन्न वास्तवाहून अधिक दिसते. कारण रेषेवरचे रोप आत धरण्याकडे मोजणाऱ्याचा कल असतो. असे हजार लहान तुकडे मोजले तरी तो फुगवटा जात नाही. शेतात जे खरे, ते माणसांच्या मोजणीतही खरे आहे.

कैवाऱ्यांचे दुसरे म्हणणे असे की, आमच्यापाशी चाळण्या आहेत. आहेत खऱ्या, आणि त्यांचा उपयोगही आहे. अतिशीघ्र उत्तरे बाजूला काढणे, एकाच ओळीत सरसकट खुणा करणारा हुडकणे, ‘येथे तिसरा पर्याय निवडा’ असा सापळा लावणे, एकदा वय व एकदा जन्मवर्ष विचारून मेळ घालणे, एकाच आयपी पत्त्यावरून वा एकाच यंत्रावरून आलेली उत्तरे पकडणे, माणसाला न दिसणारा पण यंत्राला दिसणारा रकाना ठेवणे, असे नाना उपाय योजले जातात. २०१८ च्या उन्हाळ्यात ‘मेकॅनिकल टर्क’ या कामाच्या बाजारातून उत्तरे घेणाऱ्या संशोधकांना एकाच अक्षांश-रेखांशावरून आलेल्या उत्तरांचे थवे दिसले, आणि मोकळ्या प्रश्नाखाली ‘छान’, ‘उत्तम’ असले असंबद्ध शब्द दिसले. त्यावरूनच ते सावध झाले. पण केवळ चाळणीवर विसंबणाऱ्याने प्यू केंद्राच्या त्याच छाननीतील आणखी दोन आकडे वाचावेत: बनावट उत्तरदात्यांपैकी ८४ टक्के सापळ्याच्या प्रश्नातून आणि ८७ टक्के वेळेच्या तपासणीतून सहीसलामत सुटले होते!

ही झाली कृत्रिम बुद्धिमत्तेपूर्वीची कथा. डार्टमथ येथील शॉन वेस्टवूड यांनी २०२५ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध केलेल्या संशोधनात एक कृत्रिम उत्तरदाता घडविला. वय, शिक्षण, उत्पन्न सांगावे, त्याप्रमाणे तो वाचण्यास वेळ लावी, चुकत-माकत टंकन करी, चुका दुरुस्तही करी. लक्ष तपासणाऱ्या प्रश्नांच्या सहा हजार परीक्षांत तो ९९.८ टक्के वेळा उत्तीर्ण झाला. २०२४ च्या अमेरिकन निवडणुकीपूर्वीच्या सात राष्ट्रीय चाचण्यांचा कौल उलटविण्यास अशी अवघी १० ते ५२ उत्तरे पुरेशी झाली असती, आणि एका उत्तराचा खर्च सुमारे पाच सेंट! मोकळ्या प्रश्नाखालचे अशुद्ध ‘छान’ हा आता तोतयाचा पुरावा राहिला नाही. आता तोतयाच अधिक शुद्ध लिहितो.

आणि चाळणी बारीक केली तरी तिच्यातून अडकून राहतो कोण? एकाच मोबाइल कंपनीचे असंख्य ग्राहक कित्येकदा एकाच आयपी पत्त्याने बाहेर पडतात. वसतिगृहात, वाचनालयात, एका फोनवर चालणाऱ्या कुटुंबात तेच घडते. तेव्हा ‘एक पत्ता, एक उत्तर’ हा नियम तोतयाला बोचत नाही, कारण तो पत्ता विकत घेतो. तो गरिबाला बोचतो. सावकाश वाचणारे आजोबा, मराठी बोलणारी पण इंग्रजी प्रश्नावलीत अडखळणारी गृहिणी, बोलीभाषेत उत्तर लिहिणारा शेतकरी, यांना संशयित ठरवून केराच्या टोपलीत टाकणारी चाळणी आम्हांस मान्य नाही. निर्दोषाला गाळणे हाही आकड्याचा खोटेपणाच होय.

मग प्रत्येकाकडून आधार क्रमांकच मागावा, असे कोणी सुचवितात. हे औषध रोगाहून भयंकर आहे. आजार, जात, छळ किंवा राजकीय मत यांविषयी नावानिशी कोण खरे बोलेल? निवडणुकीचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवा. तेथे मतदाराचे नाव यादीत असते, ओळख पटविली जाते, बोटाला शाई लागते. पण त्याचे मत गुप्त राहते. माणसाची खातरी दारात करावी आणि उत्तर त्याच्या नावापासून तोडून ठेवावे, हेच सूत्र सर्वेक्षणालाही लागू आहे.

लबाडी केवळ उत्तरदात्याकडूनच होते असेही नाही. २०२५ च्या एप्रिलात अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर येथे आठ जणांवर आरोपपत्र ठेवण्यात आले. सुमारे दहा वर्षे बनावट उत्तरे तयार करवून ती बाजार-संशोधन म्हणून विकली व त्यांतून सुमारे एक कोटी डॉलर उकळले, असा त्यांच्यावर सरकारी आरोप होता. ‘उत्तरे आम्ही विकत घेतली, त्यांची शुद्धता विकणाऱ्याने पाहावी’ असे म्हणून ज्यांना हात झटकावयाचे असतील, त्यांनी हे आरोपपत्र समोर ठेवावे. दुधात पाणी गवळ्याने घातले की दलालाने, हा वाद त्यांचा त्यांनी मिटवावा. घरोघरी रतीब घालणारा हात ज्याचा, जबाब त्यानेच दिला पाहिजे.

यावर उपाय नाही काय? आहे, आणि तो परदेशातून आणावयास नको. खोटे तक्ते काही संगणकाबरोबर जन्मास आले नाहीत. झाडाखाली बसून शंभर घरांची उत्तरे भरणारा गणक पूर्वीही होता. प्रा. महालनोबिस यांनी त्याच्यावर तोड काढली होती ती अशी की, एकाच क्षेत्राची पाहणी परस्परांशी संबंध नसलेल्या दोन तुकड्यांकडून स्वतंत्र नमुन्यांवर करवावयाची आणि दोन्ही निष्कर्ष समोरासमोर ठेवावयाचे. १९५० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीला हा वारसा लाभला. पुण्याच्या गोखले संस्थेने प्रा. धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली, ती घराघराशी संबंध जोडूनच. या परंपरेचे सार एवढेच: उत्तर तपासण्याआधी उत्तरदाता निवडा, येईल त्याला दार उघडे टाकू नका.

तेव्हा आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पाहणी करणाऱ्याने ज्ञात यादीतून वा पत्त्यांतून माणसे निवडावीत आणि प्रत्येकास एकदाच चालेल असा स्वतंत्र दुवा द्यावा. बक्षिसाचा उघडा दुवा चव्हाट्यावर टाकू नये. कोणत्या उत्तराने पात्रता मिळते ते आधी उघड करू नये. मोबदला छाननीनंतर द्यावा, आणि काही उत्तरदात्यांना दूरध्वनीने वा प्रत्यक्ष भेटून पडताळावे. पाणबुडीसारखा, ज्याला खरा माणूस ‘होय’ म्हणूच शकत नाही, असा एखादा प्रश्न ठेवावा. कोणती उत्तरे वगळावयाची याचे नियम उत्तरे पाहण्यापूर्वीच लिहून ठेवावेत. नाहीतर नावडती उत्तरे ‘बनावट’ ठरविण्याचा मोह होतो. आणि किती उत्तरे आली, किती वगळली, का वगळली, हे निष्कर्षासोबत छापावे. यांतील काहीही अशक्य नाही. खर्च वाढेल, वेळ लागेल, संख्या लहान होईल, होऊ द्या. ओळख पटलेल्या पाचशे माणसांचे मत अनोळखी पन्नास हजार खुणांहून आम्हांस अधिक मोलाचे वाटते.

वृत्तपत्रांचेही येथे कर्तव्य आहे. चटकदार टक्केवारी मिळाली की मथळा सजविण्यापूर्वी संपादकाने चार गोष्टी विचाराव्यात: उत्तरदाते कोठून आणले, त्यांना काय दिले, तोतये कसे ओळखले, आणि किती गाळले? ज्या पाहणीला या चारांचे उत्तर देता येत नाही, तिला आमच्या स्तंभांत जागा मिळणार नाही. वाचकांनीही हेच प्रश्न विचारण्याची सवय करावी; विशेषतः जेव्हा आकडा आपल्याला सुखावणारा असेल तेव्हा. आपल्या बाजूचा तोतयाही तोतयाच, आणि त्याच्या खांद्यावर बसून मिळविलेला विजय पहिल्याच तपासणीत कोसळतो.

लोकमत ही लोकशाहीची शक्ती आहे असे आपण म्हणतो. ते खरे मानावयाचे असेल तर त्यातल्या प्रत्येक मतामागे एक हाडामांसाचा माणूस उभा आहे, याची खातरी करून घेण्याचे कष्ट कोणी तरी घेतले पाहिजेत. ते कष्ट टाळून जे आकडे विकतात, त्यांना आमचे जाहीर आव्हान आहे: पुढचा टक्का छापण्याआधी आपली यादी, आपली चाळणी आणि आपली वगळणूक लोकांपुढे मांडा. मांडता येत नसेल तर तो आकडा आपल्या कपाटात ठेवा. लोकांच्या नावावर खपवू नका.